पावसाळी अळंबी आणि मातीतले धातू: कुठली खावी, कुठून घ्यावी?

रानवाटा

आषाढ लागला की ताम्हिणीच्या रस्त्याला, मुळशी-वेल्ह्याकडच्या फाट्यांवर बायका पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसतात. पुण्याहून भटकायला गेलेली मंडळी हौसेने घेऊन येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद सुरू होतो. एक म्हणतो, रानातलं आहे, शुद्धच असणार. दुसरा कुठलासा फॉरवर्ड टाकतो की जंगली मशरूममध्ये शिसं-कॅडमियम ठासून भरलेलं असतं. दोघंही अर्धंच बोलतात. मी मृदाशास्त्र शिकले आहे आणि अळंबी माझ्या फार आवडीची, म्हणून हा धागा.

विषारी छत्री ओळखणं हा याच्याही आधीचा आणि जास्त तातडीचा विषय आहे. इथे मी फक्त खाण्याजोग्या जातींबद्दल लिहिते आहे.

आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी मातीत, पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात तंतूंच्या रूपाने पसरलेली असते. हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. झाडाचं मूळ जिथे शिरू शकत नाही अशा मातीच्या कणांमधल्या फटींतही ते पोचतात. बुरशीला पोट नाही, ती अन्न अंगाबाहेरच पचवते: ऑक्झॅलिक, सायट्रिक अशी आम्लं आणि विकरं सोडते, समोरचा पदार्थ विरघळवते आणि तो रस शोषून घेते. लोह मिळवण्यासाठी तर ती सिडेरोफोर नावाचे खास रेणू मातीत सोडते, ते लोहाला पकडून आणतात. या सगळ्यात मातीतले बाकीचे धातूही सुटे होतात. जस्त आणि तांबं बुरशीला हवंच असतं. कॅडमियम रसायनशास्त्राच्या नात्याने जस्ताचा भाऊबंद, त्यामुळे जस्ताच्या वाटेने तेही आत शिरतं.

आत आलेल्या धातूचा काही भाग पेशीभित्तिकेतल्या कायटिनला चिकटून राहतो. उरलेल्याला पेशीतली गंधकयुक्त छोटी प्रथिनं, म्हणजे मेटॅलोथायोनिन वगैरे, धरून ठेवतात किंवा तो रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, बंद होतो. बुरशीला त्रास होत नाही आणि धातू साठत जातो. जमिनीखालची जाळी वर्षानुवर्षं जगते. छत्री मात्र चार दिवसांत वर येते आणि जाळीने जमवलेलं बरंच काही स्वतःत ओढून घेते. छत्रीतही सगळीकडे सारखं प्रमाण नसतं. दांड्यात कमी, टोपीत जास्त आणि टोपीखालच्या पात्यांत सहसा सगळ्यात जास्त.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ‘मशरूम धातू शोषतं’ असं सरसकट म्हणून काहीच कळत नाही. कुठला धातू किती घ्यायचा हे आधी जातीवर ठरतं, मग जागेवर. युरोपात आढळणाऱ्या अमॅनिटा स्ट्रोबिलिफॉर्मिस या जातीत चांदी साठते: मातीत किलोमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी असताना वाळलेल्या छत्रीत शेकडो मिलिग्रॅम सापडलेली आहे. अमॅनिटा मस्कारिया, ती लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी छत्री, व्हॅनेडियम गोळा करते आणि त्यासाठी अमावाडिन नावाचं वेगळंच संयुग बनवते, ते 1972 साली शोधलं गेलं. सार्कोस्फेरा कोरोनारियामध्ये वाळलेल्या वजनाच्या किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या वर अर्सेनिक मिळालेलं आहे. आणि ज्या अ‍ॅगॅरिकस जाती चोळल्यावर पिवळ्या पडतात आणि ज्यांना बडीशेपेसारखा वास येतो, त्यांतल्या अनेक खाण्याजोग्या आहेत, पण त्या कॅडमियमच्या बाबतीत अट्टल. स्वच्छ मातीतही त्यांच्यात वाळलेल्या किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त कॅडमियम सापडतं. बाजारात मिळणारं बटण मशरूम अ‍ॅगॅरिकसच, पण दुसऱ्या जातीचं आणि तयार कंपोस्टवर वाढवलेलं, त्यात हे प्रमाण फार कमी असतं.

शिशाची गोष्ट उलटी आहे. बहुतेक बुरशा शिसं आत घ्यायला नाखूश असतात, मातीपेक्षा छत्रीत ते कमीच भरतं. पण माती शिशाने भरलेली असेल तर ‘मातीपेक्षा कमी’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

आपल्याकडची माती बेसॉल्टची. तिच्यात लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम, तांबं, निकेल, क्रोमियम निसर्गतःच बऱ्यापैकी असतं. कॅडमियम आणि शिसं मुळात थोडं. म्हणजे पुण्याच्या आसपासच्या एखाद्या जागी हे दोन जास्त भरले, तर ते बहुतेक माणसाने आणलेले असतात. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण तोवर रस्त्याकडेला बसलेलं शिसं पावसाने सहज वाहून जात नाही, ते मातीच्या वरच्या थरात चिकटून बसतं. टायरच्या झिजेतून जस्त येतं, ब्रेकच्या धुळीतून तांबं, फॉस्फेट खतातून कॅडमियम, जुन्या बॅटऱ्या आणि रंगांतून शिसं. कचरा डेपोजवळची, प्लेटिंगच्या कारखान्यांमागच्या ओढ्याकाठची, हायवेच्या कडेची अळंबी मी कितीही ताजी दिसली तरी घेणार नाही. सह्याद्रीच्या आतल्या रानातली, ओळखीच्या जातीची असेल तर आनंदाने घेईन.

तुमचे प्रश्न आणि अनुभव लिहा.

तळकोकणचा

ताई, लेख माहितीपूर्ण आहे, पण एक शंका मनात राहिली. आमच्याकडे सिंधुदुर्गात वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खातात. श्रावणातला उपास सांभाळून लोक रानात जातात, पहाटे पहाटे कोण आधी पोचतो याची चुरस असते. मटणाच्या तोडीची भाजी होते. आमची पणजी नव्वदी पार करून गेली. आता शहरात राहायला आल्यावर कुणीतरी प्रयोगशाळेतला आकडा दाखवून आम्हाला घाबरवणार का? जे रानात राहतात, ज्यांचं पावसाळ्यातलं उत्पन्नच या वाट्यांवर आहे, त्यांच्या पोटावर अशा फॉरवर्डमुळे पाय येतो, याचाही विचार व्हावा.

रानवाटा

@तळकोकणचा, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तुम्ही म्हणता ती अळंबी या सगळ्यात वेगळी आहे. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

वारुळावरची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी पानं, काटक्या, वाळकं गवत चावून वारुळात स्पंजासारखे मधाळ रंगाचे पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी ते लाकूड-पाला मऊ करते, वाळवी ते खाते. पाऊस नीट मुरला की पोळ्यातून छत्री निघते आणि माती फोडून वर येते. म्हणून अख्खी उपटायला गेलात तर तिची निमुळती शेपटी हातभर आत गेलेली दिसते, पार पोळ्यापर्यंत. टोपीच्या मधोमध जे टोकदार बोंड असतं त्यानेच ती माती भेदते.

म्हणजे हिचं मुख्य अन्न वाळवीने गोळा केलेला झाडपाला. उघड्या मातीच्या वरच्या थरात तंतू पसरून जगणाऱ्या जातींवर रस्त्याची धूळ, कारखान्याची राख थेट पडते. ही पोसते ती जमिनीच्या पोटात, पोळ्यावर. पण मातीशी तिचा संबंध अगदीच नाही असंही नाही. वाळवी ओलावा आणि बारीक माती खोलवरून वर आणते. वराहमिहिराने वारुळावरून जमिनीतल्या पाण्याचा अंदाज बांधायला सांगितलं ते यामुळेच, आणि आफ्रिकेत खनिजं शोधताना भूशास्त्रज्ञ वारुळाच्या मातीचे नमुने घेतात तेही यामुळेच. खाली ज्या खडकाची माती, तिची छाप वारुळावर असते. खाणपट्ट्यातलं वारूळ आणि मुळशीच्या रानातलं वारूळ सारखं धरू नये.

रानात राहणाऱ्या बायकांकडून घेणं थांबवा असं मी अजिबात म्हणत नाही. उलट त्यांना जागा विचारा. त्या वारूळ न् वारूळ ओळखतात आणि कुठून आणली ते मोकळेपणी सांगतात.

डॉ_नेफ्रो_पुणे

किडनीचे पेशंट रोज बघतो, म्हणून कॅडमियमबद्दल लिहितो.

कॅडमियम खाल्ल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही. उलटी नाही, पोटदुखी नाही. अळंबी खाऊन काही तासांत उलट्या-जुलाब लागले तर ते धातूमुळे नाही, छत्रीच्या विषामुळे. अशा वेळी उरलेली अळंबी पिशवीत घालून पेशंटला ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि सहा-सात तास उलटून गेल्यावर सुरू झालेला त्रास जास्त धोक्याचा, कारण यकृत निकामी करणारी विषं उशिरा लक्षणं दाखवतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका.

कॅडमियमचं दुखणं संथ. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि तिथून निम्मं बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं, लोक वर्षानुवर्षं तोच भात खात राहिले, आणि मूत्रपिंडं बिघडून हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने मोडायची. इताई-इताई म्हणतात त्या आजाराला. 1968 मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला.

आता हिशेब. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 2.5 मायक्रोग्रॅम कॅडमियम ही मर्यादा ठरवली आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाला आठवड्याला 150 मायक्रोग्रॅम. ताज्या अळंबीत साधारण 90 टक्के पाणी. समजा एखाद्या अळंबीत वाळलेल्या वजनाला किलोमागे 5 मिलिग्रॅम कॅडमियम आहे. ताज्या वजनात तेच 0.5 मिलिग्रॅम होतं. 200 ग्रॅम ताजी अळंबी खाल्ली तर 100 मायक्रोग्रॅम. आठवड्याच्या मर्यादेच्या आतच. पण रानवाटा यांनी सांगितलेली पिवळी पडणारी अ‍ॅगॅरिकस असेल आणि तिच्यात 50 मिलिग्रॅम भरलं, तर त्याच 200 ग्रॅममध्ये 1000 मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ सात आठवड्यांचा वाटा एका जेवणात. भात, गहू, पालेभाज्या यांतून रोज येणारं थोडं थोडं कॅडमियम यात धरलेलंच नाही.

ही मर्यादा आयुष्यभराच्या सरासरीची आहे. पावसाळ्यात दोन-चारदा अळंबीची भाजी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पणजीबाईंचं बरोबरच होतं.

एक मात्र सांगतो. अंगात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम जास्त शोषतं, कारण लोह आत घेणारं वाहक प्रथिनच कॅडमियमलाही आत घेतं आणि लोहाच्या कमतरतेत ते वाढलेलं असतं. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. घरात हिमोग्लोबिन कमी असलेली बाई, गरोदर बाई, किडनीचा पेशंट असेल तर रानातली अळंबी बेतानेच. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी ती सोडावी. तंबाखूचं झाडही कॅडमियम शोषण्यात पटाईत आहे.

स्नेहल_बाणेर

धागा वाचनखुणेत टाकला. माझा प्रश्न अगदी घरातला आहे. आमच्या सोसायटीत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातला वाळलेला गाळ लॉनला खत म्हणून घालतात. पहिल्या पावसानंतर तिथे मोठ्या पांढऱ्या छत्र्या गोलाकार उगवतात. वॉचमन दादा म्हणतात गावाकडे अशाच खातात. घेऊ का?

रानवाटा

@स्नेहल, नको! वॉचमन दादांनाही आजच सांगा.

पहिलं कारण धातूचं नाहीच. लॉनवर गोल रिंगण करून येणारी मोठी पांढरी, टोपीवर तपकिरी खवले असलेली छत्री बऱ्याचदा क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असते. पुण्यात ती पावसाळ्यात सर्रास दिसते. कोवळी असताना तिची पाती पांढरी असतात, म्हणून फसगत होते. पूर्ण उमलल्यावर ती हिरवट होतात. पिकलेली टोपी पांढऱ्या कागदावर पाती खाली करून रात्रभर झाकून ठेवली, तर सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटतो. जीव सहसा जात नाही, पण उलट्या-जुलाबांनी माणूस पार आडवा होतो. लहान मुलांना तर सलाइन लावावं लागतं. आणि ठसा हिरवा नाही म्हणून छत्री खाण्याजोगी, असा उलटा अर्थ कधीच काढू नका.

दुसरं कारण गाळाचं. सांडपाण्यातले धातू प्रक्रियेत नष्ट होत नाहीत, पाणी स्वच्छ होताना ते गाळात उतरतात. फुलझाडांना, लॉनला तो घालणं ठीक. त्यावर उगवलेलं खाणं ठीक नाही. तिथे लावलेल्या पालक-मेथीलाही हेच लागू.

धिंगरीवाला

नमस्कार. हवेली तालुक्यात धिंगरी अळंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) छोटं युनिट चालवतो. इथल्या चर्चेवरून कुणी सगळंच मशरूम बंद करू नये म्हणून लिहितोय.

धिंगरी मातीवर वाढत नाही. गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं काड रात्रभर भिजवायचं, निर्जंतुक करायचं, निथळवून पिशवीत थरावर थर देत स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, पेरायचं. ही भरलेली पिशवी म्हणजे बेड. तो पांढराशुभ्र झाला की पिशवी काढून पाणी मारत राहायचं. म्हणजे छत्रीत काय उतरणार ते भुसा आणि पाणी या दोन गोष्टींवर आहे. मी भुसा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतो, आणि पाणी प्यायच्या लायकीचं असेल तेच वापरतो. नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या शेतातलं काड कितीही स्वस्त मिळालं तरी बेडसाठी घ्यायचं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी प्रशिक्षण घेतलं तेव्हापासून हा नियम पाळतोय. धिंगरी धातू ओढण्यात तशी तरबेज आहे, म्हणून तर दूषित पाणी-माती स्वच्छ करायला तिचा उपयोग करण्यावर जगभर संशोधन चालतं. तेच कसब खाण्याच्या बेडमध्ये नको असेल तर काड चांगलं हवं.

घेताना विक्रेत्याला काड कुठलं आणि पाणी कुठलं, एवढं विचारा. चांगला उत्पादक आनंदाने सांगेल. वाळवलेल्या धिंगरीची, मशरूम पावडरची पाकिटं घेताना तर विचाराच, कारण पाणी उडाल्यावर दर ग्रॅममागे सगळंच दहापट होतं, चांगलंही आणि वाईटही.

मंजिरी_सदाशिव

आमच्या सासूबाई अळंबी शिजवताना पातेल्यात चांदीचा चमचा घालतात. काळा पडला तर टाकून द्यायची. याने धातू कळतो का? आणि उकळून पाणी फेकलं तर उपयोग होतो का?

रानवाटा

@मंजिरी, चांदीच्या चमच्याने धातूही कळत नाही आणि विषही कळत नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, आणि ती अंड्यातही असतात. सगळ्यात घातक अमॅनिटा जातींमध्ये चमचा लख्ख राहतो. लसणाची पाकळी टाकून बघतात तिचंही तसंच. सासूबाईंना दुखवू नका, पण या परीक्षेवर विसंबून भाजी ताटात वाढू नका.

धुण्याबद्दल: धातू पेशीच्या आत असतो, तो नळाखाली निघून जात नाही. पण पात्यांमध्ये अडकलेली माती निघते आणि तेवढी मातीही मोजणीत येते, विशेषतः शिशाच्या. वारुळाच्या अळंबीची शेपटी कापून टाकावी, टोपी उलटी धरून पात्यांवरून बोट फिरवत पाण्यात दोन-तीनदा हलवावी, तळाशी लाल गाळ बसायचा थांबेपर्यंत पाणी बदलावं. उकळून पाणी फेकल्याने काही प्रमाणात कॅडमियम कमी होतं, पण सगळं नाही. घट्ट बांधलेला भाग तसाच राहतो. आणि त्या पाण्यासोबत अळंबीची चव जाते. चांगल्या जागेची असेल तर मी उकळत नाही. वाईट जागेची असेल तर उकळून तिची भरपाई होत नाही.

सीझियम या धातूची गोष्ट वेगळी. ते पोटॅशियमसारखं वागतं, उकळताना पाण्यात सहज उतरतं. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर युरोपातल्या जंगलांत पडलेलं किरणोत्सारी सीझियम-137 बुरशीच्या जाळ्यात फिरत राहिलं. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, सुमारे 30 वर्षं. जर्मनीतल्या बव्हेरियात रानडुकरं जमीन उकरून भूछत्राच्या गाठी खातात, म्हणून त्यांच्या मांसात ते इतक्या वर्षांनीही मर्यादेबाहेर सापडतं. झाड जमिनीतून घेतं आणि पानगळीत परत देतं, बुरशी तेच वरच्या थरात अडवून ठेवते. आपल्या सह्याद्रीत ही काळजी नाही, पण बुरशी एखादा धातू किती काळ धरून ठेवू शकते ते यावरून दिसतं.

लॅबवाला_अमोल

धातू तपासणीच्या कामात आहे, म्हणून व्यवहाराचं सांगतो. कुणाला खरंच तपासून घ्यायचं असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर कॅडमियम, शिसं, अर्सेनिक, पारा हे चार एकदम होतात. नमुना नायट्रिक आम्लात जिरवून द्रव केला जातो आणि मग यंत्रात सोडला जातो.

दोन ठिकाणी लोक गोंधळतात. रिपोर्टमधला आकडा वाळलेल्या वजनाचा आहे की ताज्या, ते आधी बघा. मर्यादा बहुतेक ताज्या वजनाच्या असतात. युरोपात जंगली अळंबीसाठी कॅडमियमची मर्यादा ताज्या किलोमागे 0.5 मिलिग्रॅम आहे. वाळलेल्याचा 3 मिलिग्रॅम हा आकडा त्याच्याशी थेट ताडून बघितला तर उगाच घाबरगुंडी उडते, ताज्यात तो 0.3 होतो. आणि वाळवायचं असेल तर मंद आचेवर, 50-60 अंशांच्या आत, नाहीतर पारा उडून जातो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

रानवाटा

@अमोल, हे फार कामाचं सांगितलंत. मग असं करू या. ज्यांना या पावसाळ्यात इच्छा आहे त्यांनी मुळशी, वेल्हे, भोर इकडची वारुळाची अळंबी घेताना त्याच वारुळालगतची मूठभर मातीही वेगळ्या पिशवीत आणावी, कारण सोबत माती नसेल तर नुसत्या छत्रीच्या आकड्यावरून जातीचा गुण की जागेचा दोष हे सांगता येत नाही. वारूळ फोडू नका, अळंबी पुढच्या वर्षी तिथेच येते. प्रत्येक नमुन्याचा पात्यांसकट फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि एक छत्री वाळवून कागदी पाकिटात ठेवा. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे जात ओळखून देण्याची सोय आहे. त्यासाठी ही वाळलेली छत्री लागेल. तपासणीचा खर्च वाटून घेऊ. येणार असाल तर खाली नाव आणि कुठल्या भागातला नमुना आणाल ते लिहा, म्हणजे एकाच ठिकाणचे पाच नमुने होणार नाहीत.

तळकोकणचा

मी गणपतीला गावी जातोय. तोवर सावंतवाडीकडची मिळाली तर ती आणि तिची माती माझ्याकडून. लाल जांभ्याची माती आहे, तुमच्या काळ्या मातीशी ताडून बघता येईल.